अंगठ्यांचं वजन

कासा-उधवा रस्त्यावरच्या आमच्या सायवन भागात एक लहानशी पतसंस्था आहे. नाव घेण्याइतकी ती मोठी नाही आणि नाव लपवावं असं तिने काही केलेलं नाही, तेव्हा तिला नुसती पतसंस्थाच म्हणू. तिचे सगळे हिशेब एसक्यूएल सर्व्हरच्या फुकट मिळणाऱ्या आवृत्तीत नांदत होते. या आवृत्तीचं नाव एक्सप्रेस. नावात वेग असला तरी कंपनीने तिच्या पायात बेड्या अडकवून तिला जगात सोडलेलं आहे. आमच्याकडच्या आवृत्तीत एका डेटाबेसला 10 जीबीची हद्द, प्रोसेसरचे फार तर चार कोअर, आणि माहिती हाताशी धरून ठेवायला 1410 एमबी रॅम. त्याच्या पुढचं यंत्र तुम्ही कितीही दिमाखाचं आणा, ही बाई तिकडे ढुंकून बघत नाही. हद्द गाठली की मात्र ती रुसून बसते, आणि तिचं रुसणंही मोठं शिस्तीचं असतं. असलेलं सगळं वाचून दाखवते, नवीन एक अक्षर लिहू देत नाही. ऐन पावसाच्या तोंडावर, बी-बियाण्यासाठी लोक पैसे काढायला येऊ लागले तेव्हाच आमच्या डेटाबेसची ही गत झाली. मॅनेजर मॅडमचा फोन आला, "सर, सगळं दिसतंय, पण काहीच लिहून घेत नाही हो!"

आता एवढं 10 जीबी भरलं कशाने, हा प्रश्न होता. इथल्या माणसाचं कर्ज केवढं आणि ठेव केवढी! बाराशे रुपयांचा हप्ता आणि बारा कोटींचा हप्ता संगणकाला सारख्याच जागेत मावतो, पैशाच्या बाबतीत एवढा समताधारी प्राणी दुसरा नसेल. शोधत गेलो तेव्हा कळलं की जागा हिशेबाने खाल्लेलीच नाही, ती अंगठ्यांनी खाल्ली आहे. काही वर्षांपूर्वी सभासदांचे अर्ज संगणकात घालायचं ठरलं, तेव्हा स्कॅनरवर बसलेल्या मुलाने कामात जीव ओतला होता. प्रत्येक अंगठा रंगीत आणि यंत्राला झेपेल तितका स्पष्ट. एकेक अंगठा दीड-दोन एमबीचा. लाखभर नोंदी एका पारड्यात आणि दोन डझन अंगठे दुसऱ्या पारड्यात टाकले तर अंगठेच जड भरावेत. पडद्यावर ते मोठे करून बघत बसलो. निळ्या शाईतल्या त्या रेषा डोंगरउताराच्या नकाशासारख्या दिसतात. मधूनच एखादी आडवी पांढरी चीर जाते, तिथे कधीतरी विळा लागलेला असतो. सही करणारे सभासदही आहेत, त्यांच्या सह्या बारक्या चौकटीत, काळ्या-पांढऱ्यात, चार-दोन केबीत आटोपलेल्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनीच डेटाबेसची जास्तीत जास्त जागा व्यापली होती.

पैसे भरून मोठी आवृत्ती घेणं संस्थेला परवडणारं नव्हतं. म्हणून पोस्टग्रेसकडे जायचं ठरलं. 1986 साली अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालेल्या प्रकल्पातून हा डेटाबेस आला आणि 1996 पासून आजच्या नावाने ओळखला जातो. चिन्ह हत्तीचं, पण पोसायला काही लागत नाही. 10 जीबीची हद्द नाही, कोअर मोजणं नाही. आणि नेमकं इथेच आमचं घोडं अडलं. बेडी असलेल्या माणसाला कुठे जाऊ विचारायची वेळ येत नाही. ती निघाली की दिशा ठरवावी लागते. जुना सर्व्हर घेताना कुणीच फार विचार केला नव्हता, कारण विचार करून उपयोगच नव्हता. त्यात 16 जीबी रॅम होती आणि त्यातली बहुतेक सगळी इतकी वर्षं नुसती ऊब खात बसली होती.

वसईहून यंत्रांच्या पुरवठादाराचं दरपत्रक आलं. दोन प्रोसेसर, 128 जीबी रॅम, डिस्कांची ओळ, आणि या सगळ्यासाठी एक उभं लोखंडी कपाट. ते कपाट ठेवायचं तर कॅशियरला व्हरांड्यात बसवावं लागलं असतं. मी विचारलं, एवढं कशाला? तो म्हणाला, "सर, उद्या वाढलं तर?" या 'उद्या'वर संगणकाचा अर्धा बाजार चालतो. आमचा सगळा संसार 10 जीबीचा. उद्या म्हणजे किती उद्या? 128 जीबीमध्ये आमच्या भागातला प्रत्येक माणूस, त्याची गेल्या पंधरा वर्षांतली देणी-घेणी आणि त्याचा अंगठा एकाच वेळी यंत्राच्या ध्यानात राहिला असता आणि वर त्याच्या पुढच्या कैक पिढ्यांना पुरेल एवढी जागा उरली असती. 32 जीबीतही सगळे मावतात. इतक्या लोकांना एकदम ध्यानात ठेवणारं कुणीतरी सायवनमध्ये येणार, याचंच मला थोडं अप्रूप वाटलं.

यंत्र ठरलं की सेटिंगांचा अध्याय सुरू होतो. पोस्टग्रेसच्या मूळ सेटिंगा एखाद्या भिडस्त पाहुण्याने ठरवल्यासारख्या आहेत. शेअर्ड बफर्स नावाची राखीव स्मृती फक्त 128 एमबी मागते. तुमच्याकडे 32 जीबी असोत, हा संकोचून कोपऱ्यातच बसणार. त्याला हाताला धरून आत आणावं लागतं. निव्वळ डेटाबेससाठी असलेल्या यंत्रावर एकूण रॅमच्या चौथाईपासून सुरुवात करावी, असं पोस्टग्रेसची स्वतःची पोथी सांगते. म्हणजे आमचे 8 जीबी. एकदम किती जणांना आत घ्यायचं, तो आकडा मुळातच 100. आमच्याकडे खिडक्या तीन, मॅडम एक, आणि ऑडिटर आले तर आणखी एक. रँडम पेज कॉस्ट नावाचा एक आकडा 4 वर बसलेला असतो. डिस्कवरचं पान इकडून-तिकडून शोधून आणणं ओळीने वाचण्याच्या चौपट महाग पडतं, अशी त्याची समजूत. चकती फिरायची आणि तिच्यावर सुई धावायची, त्या काळातली ही समजूत. एसएसडीत काही फिरत नाही, तरी आकडा अजून जुन्या दमाने हाफतो आहे. त्याला समजावून 1.1 वर आणावं लागतं. ज्येष्ठांशी बोलावं तसं, हळूच.

मला मात्र सगळ्यांत लळा लागला तो इफेक्टिव्ह कॅशे साइझचा. हे सेटिंग एक बाइटही घेत नाही. ते फक्त डेटाबेसच्या कानात सांगतं, की बाबा रे, पोस्टग्रेस आणि खालची प्रणाली मिळून एवढी एवढी माहिती हाताशी असेल असं धरून चाल. एवढ्या भरवशावर तो आपले बेत आखतो, कुठली वाट धरायची ते ठरवतो. मी 24 जीबी सांगितले. सांगताना थोडं संकोचल्यासारखं झालं, कारण जन्मात कुणी माझ्याकडून इतक्या निमूटपणे काही मानून घेतलेलं नाही.

एक सेटिंग असं होतं ज्यावर सगळं ऑफिस बोललं. त्याचं नाव एफसिंक. ते बंद केलं की नोंदी झपाझप होतात, कारण नोंद खरोखर डिस्कवर उतरली का हे बघत बसणं डेटाबेस सोडून देतो. कुठेतरी हे वाचलेल्या आमच्या तरुण ऑपरेटरला ते फार आवडलं. मग मी डेटाबेस कसा लिहितो ते सांगू लागलो. आलेला व्यवहार तो आधी एका सलग वहीत उतरवतो, त्या वहीला राइट-अहेड लॉग म्हणतात; ती पक्की झाली की मगच "झालं" म्हणतो, आणि मूळ तक्त्यांमध्ये सवडीने, साधारण दर पाच मिनिटांनी, सगळं नीट लावून टाकतो. कोपऱ्यात बसलेले आमचे जुने कारकून काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्हणजे आधी रोजकीर्द, मग खतावणी. यात नवीन काय?" नवीन काहीच नव्हतं. काकांनी उभी हयात रोजकीर्दीत शाई वाळल्याशिवाय पान उलटलेलं नाही. ते पुढे एवढंच म्हणाले, "आणि ह्याला रोजकीर्द न लिहिताच खतावणी करायची आहे होय?" ऑपरेटरने विषय सोडला. एफसिंक सुरू राहिलं.

शाई वाळण्याचा प्रश्न आमच्याकडे जरा जास्तच खरा आहे, कारण वीज. डहाणूला 500 मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे, 1995 पासून ते वीज तयार करतं आणि ती वीज मुंबईला जाते. आमच्याकडे पावसाळ्यात सागाची एखादी फांदी तारेवर टेकली की गाव अंधारात. वीज जाण्याविषयी तक्रार नाही, ती जाताना सांगून जात नाही एवढंच. सर्व्हर अर्धं वाक्य लिहीत असताना मान खाली टाकतो. म्हणून दरपत्रकातला दुसरा प्रोसेसर खोडून त्या पैशांत चांगला यूपीएस घेतला, आणि एसएसडीही अशा घेतल्या की ज्यांच्या पोटात छोटे कपॅसिटर असतात; वीज गेली तरी हातातलं लिहिणं संपवण्याइतका दम त्यांच्यात उरतो. पुरवठादाराने फिरत्या चकत्या स्वस्तात देऊ केल्या होत्या. पण नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडीच्या आसपास जमीन जी थरथरू लागली, त्या थंडीत इकडची माणसं घरं सोडून उघड्यावर झोपली. त्या आठवणीनंतर फिरती वस्तू घ्यायला मॅडमच तयार होईनात. भूकंपाचा आणि डिस्कचा संबंध किती ते त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही तो वाद घालावासा वाटला नाही.

मुक्काम हलवायचा कधी, हा पुढचा प्रश्न. चालू व्यवहार थांबवायचे किती वेळ, मधल्या वेळात आलेल्या माणसाला काय सांगायचं. या बाबतीत आमच्या डहाणू तालुक्याला मोठा वारसा आहे. बोर्डीच्या मागे बाहरोटचा डोंगर आहे. संजाण पडल्यावर पारशांनी आपला इराणशाहचा अग्नी या डोंगरातल्या गुहांमध्ये आणून लपवला आणि बारा वर्षं तिथे राखला, अशी त्यांची परंपरा सांगते. मग तो वांसदा, नवसारी असे मुक्काम करत 1742 साली उदवाड्याला पोचला. न विझवता. मला नेहमी त्या वाटेवरच्या माणसांचं कुतूहल वाटतं. रानातून, नदी ओलांडून, पावसाची चाहूल घेत जळता अग्नी नेणारे ते लोक. पुढच्या मुक्कामाला लाकूड किती लागेल, वारा कुठून येईल, याची चर्चा त्यांनीही केली असणार, आणि त्यांच्यातही कुणीतरी "उद्या वाढलं तर?" म्हणणारा असणारच. आमचं काम त्या मानाने सोपं होतं. आवणीच्या दिवसांत संस्थेत चिटपाखरू फिरकत नाही, सगळं गाव चिखलात वाकलेलं असतं. त्यातला एक रविवार धरला.

आकडे सरळ गेले. नोंदींची संख्या जुळली, शिलकेची बेरीज पैशापर्यंत जुळली. अडलं ते नावांपाशी. जुन्या डेटाबेसमध्ये सुरुवातीच्या काळात नावाचा रकाना असा आखला होता की त्यात देवनागरी उमटतच नसे. प्रत्येक अक्षरचिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह पडे. नंतर कुणीतरी तो रकाना दुरुस्त केला, पण आधीच्या सभासदांची नावं तशीच राहिली. पोस्टग्रेसमध्ये देवनागरी सुखाने नांदते, पण प्रश्नचिन्हांतून नाव परत काढणं त्यालाही जमत नाही. मग आम्हीच प्रश्नचिन्हं मोजायला लागलो. सहा असली तर बुध्या असेल, सात असली तर मंगळ्या, आठ असली तर शुक्र्या. चार असली की पंचाईत, सोमा की सोमी? शेवटी कागदी अर्ज काढले आणि काकांनी एकेक नाव मोठ्याने वाचायला घेतलं. 2017 च्या उन्हाळ्यात संगणकावरचे सातबारे तपासायला गावोगाव चावडी वाचन झालं होतं, त्याची आठवण झाली. तेव्हाही यंत्राने लिहिलेलं खरं की खोटं हे शेवटी माणसांनी कानांनी ठरवलं होतं. काका वाचत आणि मधूनच थांबत. "हा गेला." "हिचा मुलगा वापीला असतो." "हा फार चांगला तारपा वाजवायचा." या माहितीसाठी तक्त्यात रकाना नव्हता.

सगळं आत गेल्यावर पोस्टग्रेस एक काम आपणहून करतो. तो माहितीचा नमुना चाळतो आणि कुठल्या रकान्यात कुठली गोष्ट वारंवार येते याची टिपणं काढतो, म्हणजे पुढे शोधाशोध करताना कुठली वाट जवळची ते त्याला कळतं. मुळातल्या सेटिंगप्रमाणे तो 30,000 ओळी बघतो. आमचे सभासद तेवढे नाहीतच, त्यामुळे त्याने सगळेच पाहिले. ती टिपणं माणसालाही वाचता येतात. जन्मतारखेच्या रकान्यासमोर त्याने वारंवार येणाऱ्या तारखांची यादी लिहिली होती. 1 जून 1965. 1 जून 1968. 1 जून 1962. 1 जून 1970. अशी खाली खाली खाली. या परदेशी हत्तीने पहिल्याच दिवशी गंभीरपणे नोंद केली होती, की या भागातली माणसं मुख्यतः 1 जूनला जन्माला येतात.

मराठी वाचकाला हे कोडं सोडवून सांगायला नको. शाळेत पोराला घेऊन आलेल्या आईला गुरुजी जन्मतारीख विचारत. ती म्हणे, आवणी चालू होती, किंवा महालक्ष्मीच्या जत्रेच्या पुढच्या महिन्यात. गुरुजी वर्ष अंदाजाने धरत आणि पुढे 1 जून ठोकून देत. जे शाळेत गेलेच नाहीत त्यांना तीच तारीख पुढे कुठल्यातरी खिडकीवर मिळाली. गंमत अशी, की आमच्याकडे वारावरून नाव ठेवण्याची जुनी रीत आहे. बुधवारी झाला तो बुध्या, सोमवारी झाली ती सोमी. म्हणजे जन्माची एक खरी खूण नावातच असते, आणि शेजारच्याच रकान्यात तारीख बसलेली असते 1 जून 1968. त्या दिवशी शनिवार होता. दोन रकाने शेजारी शेजारी राहून आयुष्यभर एकमेकांना खोटं पाडत असतात आणि संगणक दोघांनाही मान डोलावतो.

त्यातून आमची खरी अडचण पुढे आली. नाव आणि जन्मतारीख मिळून माणूस वेगळा ओळखू येईल, असं तो प्रोग्रॅम लिहिताना धरलेलं होतं. इथे त्याच पाड्यावर, त्याच आडनावाचे, 1 जूनचे दोन बुध्या निघतात. वडिलांचं नाव विचारावं तर दोघांचेही सोमा. मग खिडकीतली मुलगी पडद्यावर अंगठा काढते, समोरच्या माणसाचा ताजा अंगठा शेजारी धरते आणि म्हणते, "हां, तुम्ही हे. बसा, दादा." अंगठे डेटाबेसबाहेर साध्या फोल्डरमध्ये टाका, बॅकअप हलका होईल, लहान यंत्रातही भागेल, असा शहाणा सल्ला मला दोन-तीन जाणत्यांनी दिला होता. एरवी मीही तोच देतो. दोन केबीच्या वरचा ऐवज पोस्टग्रेस आपसूकच बाजूच्या तक्त्यात ठेवतो, त्या सोयीचं नाव टोस्ट. तिथे ते सारे अंगठे मी ठेवून दिले. हिशेबाचा जेव्हा जेव्हा बॅकअप निघेल तेव्हा त्याच्याबरोबर तेही निघतील. बॅकअपला त्यामुळे काही मिनिटं जास्त लागतात, ती लागू देत. जन्मतारखेपुढे मात्र एक रकाना वाढवला, 'तारीख अंदाजे'. भरभर सगळ्यांपुढे 'होय' पडत गेलं. स्वतःच्या नावापुढे काकांनीही 'होय' करायला सांगितलं. त्यांचीही 1 जूनच.

शेवटी घेतलं ते असं: आठ कोअरचा एक प्रोसेसर, चूक सुधारून घेणारी 32 जीबी ईसीसी रॅम, एकीवर लिहिलेलं दुसरीवर जसंच्या तसं उतरेल अशा दोन एसएसडी, आणि यूपीएस. वर सांगितलेले तीन आकडे बदलले, बाकीचे पोस्टग्रेसने दिले तसेच ठेवले. महिनाभर माणसं आल्या-गेल्याशिवाय त्यांना हात लावण्यात अर्थ नसतो. तुमच्या ओळखीत कुठे लहान संस्था असा मुक्काम हलवत असेल तर तिला एवढंच सांगा, की दुसऱ्या प्रोसेसरच्या आधी यूपीएस घ्या, आणि बॅकअप नुसता काढून ठेवू नका, एखाद्या रविवारी दुसऱ्या यंत्रावर भरून बघा.